उकंडरावांचं रडणं

“रडणं कमी झालं का, उकंडराव?” रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळता गुंडाळता डॉक्टरांनी विचारलं.

डॉक्टर स्वभावाने गोड, पण आवाज असा की बाजारात भाव पुकारायला बसले असते तर चांगलं कमावलं असतं. धाडच्या त्या दवाखान्यात तपासणीचं टेबल आणि बाहेरचे बाक यांच्यामध्ये एक पडदा असायचा. तो नेमका आज धुवायला गेला होता. नवी जिल्हा परिषद पहिला रस्ता कोणत्या गावचा करणार, यावर बाकावरची मंडळी तावातावाने बोलत होती. ती एकदम गप्प झाली.

उकंडराव म्हणजे पंचक्रोशीतल्या कुस्त्यांचे पंच. त्यांनी नुसती मिशी फिरवली तरी आखाड्यातली भांडणं मिटत. मागच्या उन्हाळ्यात त्यांना हार्टचा दौरा आला, महिनाभर बुलढाण्याला खाटेवर काढावा लागला. पण घरी आल्यापासून स्वारी ठणठणीत होती. दुपारी घोरत, रात्री घोरत आणि मधल्या वेळात सालदारावर ओरडत. रडण्याचं म्हणाल तर आई गेली तेव्हासुद्धा त्यांनी डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं होतं.

“कोण रडते?” त्यांनी विचारलं.

लाजायचं काही कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. हृदयाचं दुखणं झालं की पुष्कळांचं मन खचतं, आणि खचलेलं मन पुन्हा हृदयाच्याच जिवावर उठतं. म्हणून तर त्यांनी वहिनींना तेव्हाच बजावून ठेवलं होतं, की यांची झोप, भूक, रडणं यावर नजर ठेवा आणि मला येऊन सांगा. वहिनी बिचाऱ्या न चुकता बाजाराच्या दिवशी येऊन सांगत आणि गुलाबी गोळ्या घेऊन जात. पहाटे उठून गोठ्यात म्हशीच्या गळ्यात पडून रडणं. घास न उतरणं. दारात कोणी मोठ्याने हाक मारली तरी छातीत धडधडणं.

डॉक्टर एकेक सांगत गेले तसा यंत्रातला पारा चढत गेला. बाकावर पंजाबराव होते. कुस्त्यांच्या मागच्या दंगलीत त्यांच्या पुतण्याला उकंडरावांनी हरलेला ठरवलं होतं, ते दुखणं अजून बरं झालं नव्हतं. आज ते कान ठणकतो म्हणून आले होते. तोच कान त्यांनी आता टेबलाकडे वळवला.

उकंडरावांना वाटलं, आपल्याला सगळं कळलं. बायकोने आपली अब्रू भर बाजारात मांडली होती. गोजरबाई दाराशी खाली बसली होती. तुम्ही कशाला येता, दोर आणि गोळ्या मीच आणीन, म्हणून सकाळी ती मागे का लागली होती, याचाही उलगडा झाला. घरी नेऊन तिला चांगलं झाडायचं असं त्यांनी ठरवलं आणि सगळं खोटं आहे हे सांगायला तोंड उघडलं.

“एका गोष्टीचं मला फार कौतुक वाटलं,” डॉक्टर म्हणाले. “एवढे मोठे पंच तुम्ही, पण घरी भाजी स्वतः फोडणीला टाकता. मीठ घातलं की नाही हे आठवत नाही आणि भाजी खारट होते, ते मनाला लावून घेऊ नका. मन थाऱ्यावर नसलं की डोकंही चालत नाही.”

उकंडरावांचं तोंड उघडंच राहिलं. जन्मात त्यांनी चूल फुंकली नव्हती. पण भाजी खारट झाली होती, हे खरं. ताट सरकवून आपण सालदाराला ऐकू जाईल एवढे ओरडलो होतो, तेही खरं.

त्यांनी दाराकडे पाहिलं. गोजरबाई पदर तोंडाशी धरून जमिनीकडे बघत होती. बांगड्या पार कोपराशी घसरल्या होत्या. ही एवढी वाळली कधी? दौरा आला तेव्हा सगळं गाव उकंडरावांच्या खाटेशी येऊन गेलं. बाई, तू कशी आहेस, असं तिला कोणी विचारलं नव्हतं. आणि चांगल्या घरच्या बाईने आपण होऊन डॉक्टरपुढे बसून मला उगाच रडू येतं म्हटलं असतं, तर आधी तिच्यावरून लिंबू उतरवलं असतं आणि मग माहेरी धाडलं असतं. तिने बिचारीने सगळं नवऱ्याच्या नावावर खपवलं. त्या गुलाबी गोळ्या कोण गिळत होतं, तेही उकंडरावांना आता कळलं. त्यांना फार गलबलून आलं.

“काहो उकंडराव,” पंजाबरावांनी बाकावरून विचारलं, “तुमी रडता?”

निकाल देताना बसत तसे उकंडराव ताठ बसले.

“हाव, रडतो,” ते म्हणाले. “म्हशीजवळ बसूनच रडतो. डॉक्टरसाहेब, याच्यावर काय करा लागते ते सांगा.”

गोळ्या चालू ठेवा, पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मनातलं घरच्या माणसाजवळ बोललं पाहिजे. रडू का येतं ते एकदा तोंडावाटे बाहेर पडलं की छातीवरचं ओझं उतरतं.

पंजाबराव कान न दाखवताच उठले, एवढी त्यांना गावाकडे जायची घाई झाली. पुढच्या दंगलीत पोरं म्हशीसारखी रेकणार, हे उकंडरावांना तिथे बसल्या बसल्या दिसत होतं. त्यांनी दोर तेवढे घेतले आणि बैलगाडी जुंपली.

धाड मागे पडलं तशी त्यांनी गाडी ओढ्याकाठी बाभळीखाली थांबवली. गोजरबाई मागे पाठमोरी बसली होती, आता काय काय ऐकून घ्यावं लागतं याची वाट पाहत. उकंडराव खाली उतरले, मागे गेले आणि तिच्या शेजारी टेकले.

“अवं,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाही नवा वाटला, “आता सांग मले, मी काऊन रडतो?”