हिरवा दिवा

विद्यापीठातली नोकरी सुटण्यापूर्वी तो आणि त्याचा मित्र श्वासावरून फुफ्फुसाचा आजार ओळखणारं, हातात मावणारं यंत्र बनवत होते. निरोगी श्वास कसा असतो हे यंत्राला शिकवायचं होतं. त्याची स्वतःची बायको ठणठणीत, रोज डबा घेऊन यायची, म्हणून तिलाच फुंकर मारायला लावली. पुढे यंत्र तिला हिरवा आणि बाकी सगळ्यांना लाल दिवा दाखवू लागलं आणि काम गुंडाळलं गेलं.

बायको फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेली. डॉक्टर म्हणाले, आजार डब्याच्या त्या दिवसांपासूनच तिच्या अंगात होता.

आज कपाट आवरताना यंत्र सापडलं. मित्राने फुंकलं, लाल. त्याने फुंकलं, लाल.

"घ्या, आपण दोघं आजही नापास," मित्र हसला.

"बाबा, मी बघू?" महिनाभर खोकणारी त्याची मुलगी म्हणाली.

त्याने घाईघाईने यंत्राकडे हात नेला. "राहू दे गं. बिघडलंय ते."

"मग घाबरता कशाला?" म्हणत तिने फुंकलंसुद्धा.



तिच्या आईनंतर पहिल्यांदाच दिवा हिरवा लागला.