समोरासमोरचे आरसे

चीनमधल्या हुइचौच्या एका जुन्या गावात, उंच पांढऱ्या भिंतींमधल्या गल्लीत, दारासमोरच दार, आणि दोन पावलांवर पाण्याचा पाट. इडापिडा उलटून समोरच्या घरात जावी म्हणून छंग काकूंनी चौकटीवर आरसा टांगला. समोरच्या रुओलानने दुप्पट मोठा आणला.

"कॉलेजात शिकलेली, आणि आरशाला घाबरते," काकूंनी उंबऱ्यातून टोमणा मारला.

"तुमची इडापिडा तुम्हालाच परत करतेय, काकू." शिडीवर चढून रुओलानने आरसा वर धरला.

त्यात पाठीमागची गल्ली दिसली, आणि पाटाच्या काठावरून पाण्यात ओणवलेलं तिचं वर्षाचं पोर. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत काकूंनी त्याला बखोटीला धरून उचललं.

"आधी पोर सांभाळ, मग आरसे लाव."



रुओलानने आरसा टांगलाच, पण पाटाकडे तोंड करून. संध्याकाळी काकूंचा आरसाही तिकडेच वळला होता, दोघींचं टोमण्यांपलीकडचं बोलणं मात्र अजून बंद आहे.