प्रताप नगरातून मोजलं तर

"आई, तीन रस्ते आहेत." रितिकाने लॅपटॉप सासूकडे फिरवला. "पाच वाजेपर्यंत वसतिगृहाच्या संस्थेला कळवायचं आहे, कोणता घ्यायचा ते."

पुष्पलताबाईंनी चष्मा चढवला. शाळेतून निवृत्त झाल्या तरी गणित काही सुटलं नव्हतं. देवलापारच्या पुढे एका वसतिगृहातल्या दहावीच्या मुलींसाठी त्या रोज एक धडा रेकॉर्ड करून पाठवत. व्हिडिओ तिकडे अर्ध्यातच अटकायचे. पेपर आठ दिवसांवर आला होता. सून नेटवर्कचं काम करणारी, मग काय, तिच्याच मागे लागल्या.

"पहिला, सगळे व्हिडिओ मुंबईच्या एका मोठ्या सर्व्हरवर. ज्याला पाहिजे त्याने तिथून ओढायचे. दुसरा, त्यांची कॉपी इथे शहरातच, सदरमधल्या सर्व्हरवर ठेवायची, म्हणजे जवळून मिळेल. तिसरा, एकीच्या फोनमध्ये आला की तिच्याकडून दुसरीने घ्यायचा."

"म्हणजे विरजणासारखं! त्यासाठी कोणी डेअरीत नाही जात. वाटी घेऊन शेजारणीकडे जाते."

"अगदी तसंच."

"आन् देणारीचं सरत नाही?"

"नाही ना. कॉपीच ती. तिचं तिच्याकडे राहतंच."

बाईंना हे भारीच आवडलं. पण रितिकाने मान हलवली. "तरी दुसराच घेऊ. दोन सेकंदांत व्हिडिओ सुरू झाला, हे बघा आकडे."

"कुठून मोजलं वं?"

"इथूनच. आपल्या वायफायवर."

"पोरी काय आपल्या प्रताप नगरात राहून राहिल्या?"

रितिकाने जीभ चावली. एवढी इंजिनीअर, आणि मोजमाप सगळं आपल्याच घरात बसून! बाईंनी तेवढ्यात वसतिगृहात फोन लावला, स्पीकरवर. तिकडून दहावीतल्या प्रीतीने उचलला.

"प्रीती, व्हिडिओ अजून अटकून राहिले का गं?"

"नाही मॅडम. सगळ्याइनं पाहिले. कालचा बी."

सासू-सुना एकमेकींकडे बघतच राहिल्या. "अचानक एवढं नेट आलं कुठून गं?" बाईंनी विचारलं.

"आमच्या वर्गातली करिष्मा टेकडीवर जाते ना मॅडम. तिथं टॉवर भेटते. धडा उतरवून आणते आन् आमच्या सहाही फोनमध्ये टाकून देते."

"तिसरा रस्ता!" रितिका खुर्चीतून उठलीच. "यांना शिकवलं कोणी? प्रीती, मग करिष्माकडे सगळे धडे जमले असतील ना? तिला म्हणावं, एकही मिटवू नको."

"कुठचं ताई! तिच्या फोनमध्ये जागाच नाही. आम्हाले देलं का मिटवते, तवाच दुसरा बसते."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "मंग ती केव्हा पाहते?"

प्रीतीला हा प्रश्न नवाच होता.

"तिले टाइमच कुठं भेटते, मॅडम? एक धडा उतराले दोन-अडीच घंटे लागतात. आम्ही पाहतो तवा ती टेकडीवर राहते."