सांगण्याजोगा आजार

पहिल्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर होते आणि दुसऱ्यावर मनाचे. तो पहिल्या मजल्यापर्यंत वाकून चढला, मागे कुणी नाही ना ते पाहिलं, सरळ झाला आणि उरलेला जिना चोरासारखा चढू लागला. कमरेला पट्टा होता. पट्ट्याखालची कंबर ठणठणीत होती.

यापुढे येणं जमणार नाही, एवढंच आज डॉक्टरांना सांगायचं होतं. नेहमीच्या वाराची वाट न बघता तो आलाही त्यासाठीच होता. सकाळी मालकाने निर्वाणीचं सुनावलं होतं. तो गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता. पाठीला आराम देणारी गादी विकणारा माणूसच वाकून चालतोय म्हटल्यावर गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरत होतं.

"उद्या सरळ उभा राहून ये, नाहीतर येऊच नकोस," मालक म्हणाला. "माझ्या मालाची तू चालतीबोलती बदनामी आहेस."

म्हणजे नोकरी जाणार होती, आणि तीही न झालेल्या आजाराने. झालेला आजार वेगळाच होता. एका जोडप्याला गादी दाखवता दाखवता भर दुपारी त्याचा श्वास अडकला. छाती धडधडू लागली, हातपाय गार पडले आणि आपण आता मरतोय याची खात्रीच पटली. तो त्याच गादीवर आडवा झाला. जोडप्याला वाटलं, प्रात्यक्षिक चाललंय. त्यांनी ती गादी घेतली. झटके मात्र त्यानंतर येतच राहिले.

डॉक्टर म्हणाले, हा घबराटीचा आजार. धोका नसताना डोक्यातली धोक्याची घंटा वाजते, बाकी काही नाही. त्यांच्याकडे एक जाडजूड पुस्तक होतं. मनाच्या प्रत्येक आजाराला त्यात नाव होतं, लक्षणं होती, क्रमांकही होता. आपल्यालाही क्रमांक आहे हे ऐकून त्याला जरा बरं वाटलं. क्रमांक आहे म्हणजे मागेपुढे माणसं असणारच.

आईकडे पुस्तक नव्हतं. तिच्या लेखी आजार दोनच प्रकारचे, लोकांना सांगण्याजोगे आणि न सांगण्याजोगे. त्याने सगळं सांगितलं तेव्हा ती रडली नाही, की तिने काही विचारलंही नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "कंबर म्हणू."

"गुडघा म्हटलं तर?" त्याने भीतभीत सुचवलं.

"गुडघा नको. घरात एक आहे."

हेही खरंच होतं. तो कळता झाल्यापासून बाबा काठी टेकत लंगडत होते आणि दर महिन्याला याच इमारतीत हाडांच्या डॉक्टरांकडे येत होते. मग आईने कपाटाच्या वरच्या खणातून कमरेचा पट्टा काढून दिला. पट्टा कोरा होता. वेष्टन मात्र पिवळं पडलं होतं. बाबांनाही कंबरच सांगायची, त्यांना झेपायचं नाही, असं तिने बजावलं. बाबांना कंबर सांगितली. ते "कंबर का," एवढंच म्हणाले आणि त्याच्याकडे न बघता उठून गेले.

पुढे आत्याने मालिशचं तेल पाठवलं. शेजारचे काका रोज संध्याकाळी येऊन जमिनीवर पालथे पडून त्याला व्यायाम दाखवू लागले. त्यांचीच कंबर धरली, तरी ते येत राहिले. त्या सगळ्यांपुढे त्याला इतकं ओशाळं व्हायचं, की कंबर खरंच दुखली तर किती बरं होईल असं वाटायचं.

त्याने दुसऱ्या मजल्यावरचं दार ढकललं. छत्र्या ठेवायच्या कोपऱ्यात एक काठी उभी होती. तिची मूठ त्याच्या ओळखीची होती.

बाबा पलीकडच्या भिंतीशी पाणी घेत होते. भरलेला पेला घेऊन ते वळले आणि झपाझप खुर्चीकडे आले. काठी नव्हती, लंगडणंही नव्हतं. मग त्यांना तो दिसला. तो ताठ उभा होता. दोघांनाही आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

"कंबर कशी आहे?" बाबांनी विचारलं.

"बरी आहे. तुमचा गुडघा?"

"इथे बरा असतो."

दोघं मध्ये एक खुर्ची सोडून बसले. दोघं बरोबर आहात का, असं टेबलामागच्या बाईंनी विचारलं. दोघंही एकदम नाही म्हणाले. त्याचे कान तापले. बाबांचे तर लाल झालेले दिसतच होते.

मग त्याने पेल्याकडे बघत मालकाचं सांगितलं. इथलं येणं आणि गोळ्या बंद करायला आलोय, हेही सांगितलं.

"गोळ्या सोडू नकोस," बाबा हळूच म्हणाले. "मी एकदा सोडल्या होत्या. तुला मामाकडे ठेवलं होतं ना, तेव्हा."

मामाकडची ती लांबलचक सुट्टी त्याला आठवली. तिथे त्याचे फार लाड झाले होते. एवढे लाड का होतात, हे त्याने तेव्हा विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज नव्हती.

त्याने पट्टा सोडला आणि मधल्या खुर्चीवर ठेवला. "मालकाला उद्या खरं सांगतो," तो म्हणाला.

बाबांनी मान हलवली, पण वर पाहिलं नाही. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "तुम्ही गुडघाच का घेतलात? कंबर का नाही?"

"कंबर होती की रिकामी," बाबा पेल्यात बघत म्हणाले. "तू पाळण्यात होतास. तुझी आई म्हणाली, ती राहू द्या, पुढेमागे पोराला लागली तर."