मागची पट्टी

“मागच्या पट्टीचे स्क्रू राहू दे. ते मी बघते,” आई म्हणाली.

चिमणीनं नाखुशीनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. पुढच्या पट्टीचे स्क्रू तिनं एकटीनं आवळले होते, जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी.

स्वयंपाकघराच्या फरशीवर जुनी चादर अंथरली होती आणि तिच्यावर स्टूल आकार घेत होतं. दोन बाजूंना दोन उभ्या फळ्या, खाली एक पायरी. वर उभं राहायची फळी दोन आडव्या पट्ट्यांवर टेकणार, एक पुढे, एक मागे. आई फर्निचरच्या कारखान्यात कामाला होती. असलं स्टूल तिच्या हातचा मळ.

“कोपरा सरळ आहे का बघ.”

“आहे.”

“डोळ्यांनी नाही, गुण्या लावून बघ. डोळे लाड करतात.”

चिमणीनं गुण्याचा लोखंडी काटकोन लावला. कोपरा किंचित बाहेर होता. आईनं हातोडीनं हलकेच दोन टोले दिले.

“आई, सूड म्हणजे काय गं?”

आईचा हात थांबला. “कुठं ऐकलास हा शब्द?”

“मैत्रिणीकडे. गोष्टीच्या पुस्तकात होता.”

“कुणी आपल्याला काही दिलं, तर ते परत करायचं. त्याला सूड म्हणतात.”

“शेजारच्यांची वाटी परत करतो तसं?”

“तसंच. आणि वाटी कधी रिकामी परत करू नये.”

चिमणी हसली आणि हात धुवायला मोरीकडे पळाली.

आईनं पदराच्या गाठीतून स्क्रू काढले. करवतीनं आधीच कापलेले, नुसती डोकी उरलेली. गोंदाच्या थेंबावर तिनं ती एकेक करून बसवली. मागच्या पट्टीच्या टोकांनाही जेमतेम गोंद लावला. वरची फळी ठेवून हातानं दाबून पाहिली. हलली नाही. तिच्यावर मांजर निवांत झोपलं असतं. माणूस उभा राहिला असता, तर मागच्या मागे गेला असता.

स्टूल आईच्या शाळेतल्या जुन्या बाईंसाठी होतं.

या बाईंनी तिला चौथीत बाकावर उभं केलं होतं. टेबलावरचं पेन चोरलं म्हणून. सकाळच्या घंटेपासून शाळा सुटेपर्यंत, हात वर करून. तिनं तीनदा बाहेर जाऊ का विचारलं. बाई म्हणाल्या, “आधी पेन दे.” शेवटी व्हायचं ते झालं. बाकावरून ओघळ खाली आला आणि सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी पेन बाईंच्याच पिशवीत सापडलं. बाई म्हणाल्या, “असो.”

तिचं नाव मात्र ‘गळकी’ पडलं ते पडलंच. कोपऱ्यावरचा वाणी तिच्याच वर्गातला. तो अजून तिला त्याच नावानं हाक मारायचा, चिमणीसमोरसुद्धा.

आणि गेल्या आठवड्यात बाई स्वतः दारात आल्या. ठेंगण्या होत्याच, आता वयानं आणखी खुजट झालेल्या. म्हणाल्या, “तुझ्या हाताला सफाई आहे म्हणतात. एक पायरीचं स्टूल करून देशील? वरच्या फळीवरची पुस्तकं नुसती धूळ खातायत.”

आईनं इतक्या पटकन हो म्हटलं, की बाई क्षणभर बघतच राहिल्या.

“झालं?” चिमणी ओल्या हातांनी परत आली. “मी चढून बघू?”

“खबरदार!” आई एवढ्या जोरात ओरडली, की पोरगी जागच्या जागी थिजली. आईनं आवाज खाली आणला. “गोंद ओला आहे गं. उद्यापर्यंत वाळू दे.”

सकाळी चिमणी शाळेत गेल्यावर आईनं स्टूल नेऊन पोचवलं. बाईंच्या खोलीत भिंतभर पुस्तकं होती. त्यांनी स्टुलाच्या कडेवरून बोटं फिरवली.

“रेशमासारखं घासलंयस. एकटीनं केलंस?”

“लेकीनं हात लावला थोडा.”

“हो का?” बाई गालातल्या गालात हसल्या.

“चढून बघा ना.”

“दुपारी. घाई काय आहे?” बाई म्हणाल्या. “तू वर्गात किती शांत असायचीस गं. कधी म्हणून त्रास दिला नाहीस.”

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती बाहेर पडली. त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. मनात जी थोडी चलबिचल होती, तीही उंबऱ्याशी संपली.

दुपारी चिमणीनं दप्तर कोपऱ्यात फेकलं. “मैत्रिणीकडे जाते!” आणि भुर्रकन गेली. आईला घरात बसवेना. ती पिशवी घेऊन वाण्याकडे गेली. तिथून बाईंचं घर दिसायचं.

“काय गळके, आज मोठी खुशीत दिसतेस?” वाणी म्हणाला.

“साखर दे. आणि आजपासून मला नावानं हाक मारायची.”

“अरे बापरे! सरकार बदललं वाटतं.”

ती उत्तर देणार, तेवढ्यात मागून काठीची टकटक आली. बाई. धडधाकट. हातात छोटी पिशवी.

आईनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही... चढला नाहीत अजून?”

“मी? अगं, या गुडघ्यांनी मी कसली चढतेय! पलंगावरून उतरते हेच खूप.” बाईंनी बरणीकडे बोट दाखवलं. वाण्यानं बिस्किटं बांधायला घेतली. “आता तुला सांगायला हरकत नाही. स्टूल मी तुझ्या लेकीसाठी करून घेतलं. रोज दुपारी माझ्याकडे येते वाचायला. ‘आईला तुम्ही आवडत नाही, तिला सांगू नका’ म्हणाली, म्हणून गप्प होते. खालच्या सगळ्या फळ्या वाचून संपवल्या पोरीनं. आत्ता तिला म्हटलं, मी खाऊ घेऊन येते, तोवर थांब. कुठली थांबतेय! मी चपला घालेपर्यंत पायरीवर चढलीसुद्धा.”