अकरा बाय सहा

टेबलावर पाच प्रोपेलर होते. एक मोडका, चार नवे. मोडक्याचं एक पातं टोकाकडून बावीस मिलिमीटर उडालं होतं. गुरुवारी बाबा डॉक्टरांकडे गेले असताना मुलीने त्यांचं रिमोटवर उडणारं छोटं विमान गुपचूप मैदानावर नेलं. उतरवण्याचा सराव करताना नाक खाली गेलं आणि पातं दगडावर आपटलं.

रविवारच्या आत अगदी तसाच प्रोपेलर बसायला हवा होता. दृष्टी गेल्यापासून बाबा आठवड्याचे सहा दिवस सहसा खुर्चीतून उठत नसत. उजेड आणि अंधार, एवढाच फरक त्यांना कळे. रविवारी मात्र विमान उडवायला स्वतः दाढी करून दारात हजर. उडवण्याचा हात गेला की विमान विकून टाकायचं, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दिसत नाही त्यांना कुठलाही चालेल की, असं दुकानदार म्हणाला होता. चालणार नव्हता. बाबा प्रोपेलर आवाजावरून ओळखत. म्हणून तिने चारही आणून मोटरवर लावून ऐकले. अकरा म्हणजे टोकापासून टोकापर्यंतचे इंच, सहा म्हणजे एका फेरीत पुढे सरकायचे इंच. बारा बाय सहाने मोटर दमत होती. अकरा बाय पाच किंचाळत होता. अकरा बाय सहा दोन होते, त्यातल्या एकाचं भोक दांड्यावर सैल बसत होतं. उरला एक.

तो तिने बॅलन्सरवर आडवा ठेवला. एक पातं हळूच खाली झुकलं. हलक्या पात्याच्या पाठीला तिने चिकटपट्टी लावली आणि पाती समतोल थांबेपर्यंत ती पट्टी थोडी थोडी कापत राहिली. मग छापलेली अक्षरं पुढच्या बाजूला ठेवून नट आवळला. अक्षरं मागे गेली तर ओढ कमी पडते, हे बाबांनीच ती आठ वर्षांची असताना कान धरून शिकवलं होतं.

रविवारी मैदानावर बाबांनी विमानाच्या नाकावरून बोट फिरवलं. ते पात्याच्या कडेवर थांबलं.

"हे नवं आहे."

ती पंखाचे स्क्रू आवळत राहिली.

"मागच्या रविवारी मीच आपटलं असणार," ते हळू म्हणाले. "आणि तू मला न सांगता दुरुस्त करत बसलीस."

मी आपटलं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंही.

"थोडंसंच लागलं होतं, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी मान खाली घातली. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

"आज नीट उतरलं नाही," ते म्हणाले, "तर हे शेवटचं."

बाबांचे जुने दोस्त तिथे होतेच. त्यातले कॅप्टन म्हणजे अखंड चालणारा तोंडाचा पट्टा, पण बाबांनी गळ्यात रिमोट अडकवला की तेही चिडीचूप होत. ती बाबांच्या मागे, एक पाऊल डावीकडे, मोठी पिशवी पोटाशी अडकवून, दोन्ही हात पिशवीत घालून उभी राहिली. विमान कुठे आहे ते सांगायचं काम तिचं.

विमान वर चढलं. आवाज ऐकून बाबांनी समाधानाने मान हलवली. ती सांगत गेली, त्यांचे अंगठे सरकत गेले. डावीकडे म्हटलं की विमान डावीकडे वळे. शेवटी ती म्हणाली, वेग कमी, अजून, आता नाक किंचित वर. चाकं गवताला लागली. विमान न उसळता थांबलं.

"आम्हाला डोळे असून काय उपयोग रे," कॅप्टन म्हणाले. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

परत येताना बाबा गाडीत प्रोपेलरचा आवाज तोंडाने काढत होते. हात अजून शाबूत आहे, पुढच्या रविवारी लवकर निघू, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी ते आंघोळीला गेल्यावर तिने पिशवीतून दुसरा रिमोट काढला, पडद्यावरचे आकडे वाचले आणि वहीत अठराव्या रविवारची ओळ लिहिली. उड्डाण: नऊ मिनिटं बारा सेकंद. पैकी बाबांच्या रिमोटकडे ताबा: शून्य सेकंद.