चार बोटं कोरं लाकूड

“दाजी, साचा ठेवा आणि रेष सरळ करून घ्या. ही काय नदी आहे, वळणं घेत जायला?”

मेहुणा पॉलिश पेपरची घडी घालत बोलला. पेटीवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लाकूड कापायच्या बँडसॉचं झाकण उघडून त्याने रुंद दातेरी पट्टा उतरवला आणि खिळ्यावर टांगलेला बारीक पट्टा चाकांवर चढवला. बारीक पट्टा नाजूक, जरा जोर पडला की तुटतो. पण बारीक वळण घ्यायचं तर तोच लागतो. रुंद पट्टा आपल्याच मर्जीने सरळ जातो.

अक्रोडाचा ठोकळा टेबलावर होता. त्यातून पेटीची मागची फळी सकाळीच चिरून झाली होती. राहिला होता तो खण. ठोकळ्याच्या तोंडावर त्याचा आकार पेन्सिलीने काढलेला, पानासारखा. रेष खालच्या कडेपासून निघाली होती. डावीकडून चढताना बरी होती, शेंड्यापाशी थरथरली होती, आणि उजवीकडून उतरता उतरता मध्येच थांबली होती. पुढे चार बोटं कोरं लाकूड.

लेक दाराशी उभी होती. तिची बॅग भरून झाली होती. दुपारच्या गाडीने ती आपल्या घरी जाणार होती, आणि ही पेटी तिचीच होती. आईने अंथरुणात बसून, मांडीवर ठोकळा घेऊन तिच्यासाठी काढायला घेतली होती. “बाकीचं उद्या,” म्हणून पेन्सिल खाली ठेवली, ती ठेवलीच.

बायकोने रेष काढायची, त्याने कापायचं, मेहुण्याने घासायचं. दुकानाची घडी एवढीच. तिची रेष कुठे जरा वाकडी गेली की तो पट्ट्याखाली ती गुपचूप सरळ करून टाकी. पहिल्याच पेटीला तिने चोरी पकडली होती. “मी काढते एक, तुम्ही कापता भलतंच. मग मला कशाला बसवता? तुमचं तुम्हीच कापा की!” तो नुसता हसायचा. तुझी रेष समोर नसली तर मशीन चालूच करावंसं वाटत नाही, हे त्याने कधी तिला सांगितलं नाही. असलं घरच्या माणसाला कोण सांगत बसतं? या खेपेला ती उशीला टेकून म्हणाली होती, “लेकीची आहे. एवढी तरी माझ्या रेषेने कापा.”

“मी पुरी करून देऊ का, बाबा?” लेकीने पेन्सिल उचलली.

“नको.”

“मग तुम्ही काढा.”

“मला कुठे काढता येतं?”

“मग पुढे कापणार कशावरून?” मेहुण्याला राहवलं नाही. “ठोकळा एकच आहे, दाजी. आणि पट्टा एकदा आत शिरला की मागे घेता येत नाही, चाकावरून उतरतो. हे आता मी तुम्हाला शिकवायचं?”

“नको शिकवू.”

त्याने मशीन चालू केलं. खालच्या कडेतून पट्टा आत शिरला. रेष दातांखाली जात होती आणि भुसा होऊन खाली पडत होती. तो वाकून तिच्यामागून जात राहिला. जिथे ती बाहेर गेली तिथे ठोकळा बाहेर, जिथे आत आली तिथे आत. शेंड्यापाशी एका जागी ती एकदम उसळली होती. तिथे बायकोला खोकला आला होता. तेव्हा ठोकळा त्यानेच धरून ठेवला होता. त्याने ती उसळीही घेतली. मेहुण्याच्या तोंडाशी “अरे” आलं, ते त्याने तसंच गिळलं.

मग रेष संपली.

हात थांबवता येत नव्हते. थांबला असता तर पट्टा जागच्या जागी फिरून लाकूड करपलं असतं. लेकीने डोळे मिटून घेतले. पेटीवाल्याने ठोकळा पुढे ढकलला.

मशीन बंद झालं तेव्हा खण सुटून हातात आला होता. त्याने तो परत आत सरकवून पाहिला. कुठे डुगडुगला नाही, अडकला नाही. जिथला होता तिथे बसला. त्याने तो काढून लेकीच्या हातात दिला आणि ब्रश घेऊन टेबलावरचा भुसा झाडायला लागला.

लेकीने खणाच्या कडेवरून बोट फिरवलं. डावीकडून वर, शेंड्यावरून, उजवीकडून खाली. मग उलटं, खालून वर. मग पुन्हा.

“बाबा, आईची रेष कुठे संपली?”

मेहुण्याने तिच्याकडून खण घेतला, चष्मा लावला, दारातल्या उजेडात तिरका धरून पाहिला. दाजींचा हात त्याच्या ओळखीचा होता. केसभर इकडचा तिकडे न होणारा. त्याने पुन्हा पाहिलं. मग घडी घातलेला पॉलिश पेपर गुपचूप खिशात टाकला.

“दाजी,” तो म्हणाला, “मला काही कळत नाही बुवा.”

पेटीवाल्याने ब्रश थांबवला नाही. वळूनही पाहिलं नाही.

“मलाही नाही सापडली,” तो म्हणाला.